दप्तराची मांडणी आणि तिची किल्ली

‘दप्तर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि फारसीत तो ‘कातडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून पोहोचला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवीपासून पेशव्यांच्या हुजूर कचेरीपर्यंत एकच शब्द चालवावा, ही आपल्या भाषेची काटकसर कौतुकाची खरी. परंतु तीमुळे एक गैरसमजही रुजला आहे. दप्तर म्हणजे कागदांचा साठा, असे आपण धरून चालतो. वास्तविक दप्तर म्हणजे कागदांची मांडणी. ती मोडली की उरते ती रद्दी, मग तीतील एकेक कागद कितीही मोलाचा असो.

हुजूर दप्तरात फड, बेहडा, सरंजाम अशा शाखा होत्या. सनदा, हुकूम आणि रोजकीर्द फडात. गावोगावच्या वसुलाचे अंदाज बेहड्यात. सरंजाम व दुमाला जमिनींचे कागद तिसरीकडे. याखेरीज पुण्यातच राहणारे ‘एकबेरीज’ दप्तर होते. तेथे सर्व खात्यांचे हिशेब वर्गवारीने एकत्र करून तर्जुमे तयार होत. कागद कोणत्या कामातून निर्माण झाला, यावर त्याची जागा ठरे. फ्रेंच सरकारने हेच तत्त्व १८४१ मध्ये परिपत्रकाने लागू केले आणि १८९८ मध्ये म्युलर, फाइत व फ्रुइन या तीन डच दप्तरदारांनी त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्या कारकुनांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांना तेवढी फुरसत नसावी.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दप्तराची आबाळ झाली. तरीही जे उरले त्याचा आधार घेऊन इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्याखाली कित्येक घराण्यांच्या इनामांची चौकशी केली. कागदाच्या एका बंदावर कुटुंबाची भाकरी अवलंबून असे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल.

बडोद्याचा आणि या दप्तराचा संबंध वेगळाच आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोदे सरकारच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधीत प्रसिद्ध केले; त्यांतील बारावा खंड दाभाडे आणि गुजरातचा कबजा याविषयी आहे. इकडे बडोदे सरकारनेही १९३४ पासून आपल्या दप्तरातील ऐतिहासिक वेचे छापण्यास प्रारंभ केला. या कामाचे मोल कोण नाकारील? पण वेचा तो वेचाच. छापील पत्र वाचताना त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद कोणता होता, ते कोणत्या रुमालात बांधलेले होते, हे वाचकाला दिसत नाही. ते दाखविण्यासाठी संपूर्ण दप्तराची सूची लागते, आणि बडोद्याचे दप्तर आज एका ठिकाणी नाही. संस्थानचे कागद येथील सरकारी दप्तर भांडारात, दाभाडे-गायकवाडांचा पत्रव्यवहार पुण्यास, कंपनी सरकारशी झालेला व्यवहार मुंबईस आणि इंडिया ऑफिसचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. हे कागद एकत्र आणणे अशक्य; त्यांच्या सूची मात्र एकमेकींशी बोलू शकतील.

सूचीचे वेड या शहराला नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. तो १९१३ पर्यंत येथे होता. त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांचा वर्ग चालविला आणि खास बडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धत रचली. पण ग्रंथालयाची सूची आणि दप्तराची सूची यांत मूलभूत भेद आहे. पुस्तक एकटे उभे राहू शकते. कागद एकटा उभा राहत नाही. त्याला रुमाल लागतो, रुमालाला दप्तर लागते, दप्तराला ते निर्माण करणारी कचेरी किंवा घराणे लागते. म्हणून ग्रंथालयाची आज्ञावली, म्हणजे हल्लीच्या भाषेत सॉफ्टवेअर, दप्तराला पुरत नाही.

नोकरीच्या काळात एका कचेरीत जुन्या कागदांच्या याद्या संगणकावर चढविल्या गेल्या. काम खासगी कंत्राटदाराचे, आज्ञावली त्याची आणि अक्षरसंचही त्याचाच. करार संपला, पुढे संगणक बदलले, आणि एके दिवशी पडद्यावर मराठी व गुजराती नोंदींच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा केरकचरा उमटला. कागद शाबूत होते. कित्येक महिने खपून केलेली यादी निकामी झाली. विचारणा केली तेव्हा उत्तर आले, नवा करार करा. सरकारी दप्तर, सरकारी पैसा, सरकारी कारकून, आणि किल्ली मात्र परक्याच्या कनवटीला! सूची हे सार्वजनिक धन असेल, तर तिची आज्ञावलीही उघडी असली पाहिजे, हे प्रस्तुत लेखकाचे मत तेव्हापासूनचे आहे.

‘मुक्तस्रोत’ आज्ञावली ती हीच. तिचे मूळ लिखाण कोणासही पाहता, वापरता, दुरुस्त करता येते. ग्रंथालयांना ठाऊक असलेली ‘कोहा’ ही आज्ञावली न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या लहानशा जिल्ह्यातून आली. तेथील ग्रंथालयांची जुनी यंत्रणा २००० सालच्या तारखेवर अडखळणार होती. त्यांनी १९९९ मध्ये नवी करवून घेतली आणि सर्वांना खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे परतफेड अभिप्रेत असलेली भेट. आपण आहेर म्हणू. दप्तरांसाठी असाच आहेर आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या पाठबळावर कॅनडातील आर्टिफॅक्च्युअल या कंपनीने घडविला. त्याचे नाव ‘ॲक्सेस टू मेमरी’, थोडक्यात ‘ॲटम’. २००८ मध्ये क्वालालंपूरच्या अधिवेशनात तो जगापुढे आला. अमेरिकेत २०१३ पासून ‘आर्काइव्हज्‌स्पेस’ नावाची दुसरी आज्ञावलीही प्रचारात आहे, पण लहान संस्थेला आणि अनेक भाषांच्या कामाला पहिली अधिक सोयीची वाटते.

तिची रचना पाहिली की जुना कारकून ओळखीचे हसेल. आंतरराष्ट्रीय नियमावलीत वर्णनाची २६ कलमे आहेत. त्यांतील सहा अत्यावश्यक. अनुक्रमांक, शीर्षक, कागद निर्माण करणारा, काळ, परिमाण, आणि आपण दप्तर, रुमाल, पुडके की सुटा कागद यांपैकी कशाचे वर्णन करीत आहोत ती पायरी. वरच्या पायरीवर जे सांगितले ते खाली पुन्हा सांगायचे नाही.

काळाचे कलम आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे. मराठी कागदांवर शक असतो, सुहूर सन असतो, गुजरातेतल्या कागदांवर विक्रम संवतही येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११६१. सुहूर सन मृगापासून सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपताचा जानेवारी १७६१ त्याच सनात पडतो. ‘ॲटम’मध्ये कागदावरील तारीख जशीच्या तशी एका रकान्यात लिहिता येते आणि शोधासाठी इंग्रजी तारखेचा आरंभ व शेवट वेगळा नोंदविता येतो. नावांचेही तसेच. दमाजी दोन, सयाजीराव तीन, आणि इंग्रज लेखकांनी ‘गायकवाड’चे ‘गुइकोवार’ केलेले. एका व्यक्तीची एकच अधिकृत नोंद करून तिला सर्व पर्यायी रूपे जोडली, की वाचक कोणत्याही दाराने आत येतो. पारिभाषिक शब्दांसाठी तर बडोद्याने १९३१ मध्येच ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राजव्यवहाराचा बहुभाषी कोश करून ठेवला आहे. त्यातील मराठी व गुजराती प्रतिशब्द समोरासमोर घेतले तर सूची दोन्ही भाषकांना वापरता येईल. मोडी लिपीलाही जून २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. अक्षरे पुन्हा केरकचरा होण्याचे भय बरेच उणे झाले.

फुकट मिळते ते बिनखर्चाचे असते, असे मात्र नव्हे. संगणक लागतो, तो चालू ठेवणारा जाणकार लागतो, नोंदींच्या प्रती दुसऱ्या जागी ठेवाव्या लागतात. आणि मोडी वाचणारा डोळा कोणतीही सूची पुरवीत नाही. हल्ली छायाचित्रे काढण्याचा सपाटा आहे. रुमाल सोडायचा, कागद सरसकट छापयंत्राखाली धरायचे, चित्रांना एक, दोन, तीन असे आकडे द्यायचे. गाठ सुटली ती सुटली, क्रम गेला तो गेला. अशा हजार चित्रांपेक्षा नीट वर्णन केलेला एक रुमाल अधिक उपयोगाचा.

हे लिहिण्याचे कारण वासण्याच्या आसपास रोज दिसते. दांडिया बाजार, रावपुरा येथील वाडे विकून आपली कुटुंबे इकडच्या सदनिकांत आली. देव आले, पितळी भांडी आली. माळ्यावरचे रुमाल काही आले, काही पस्तीत गेले. जे आले ते कोणाला वाचता येत नाहीत म्हणून पुढची पिढी ते आज ना उद्या पस्तीतच घालील. त्यासाठी संगणकतज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. वर सांगितलेली सहा कलमे साध्या तक्त्यात, युनिकोड मराठीत, रुमालागणिक एक ओळ याप्रमाणे भरावीत. असा तक्ता पुढे ‘ॲटम’ला जसाच्या तसा देता यावा म्हणून त्याचे नमुने तयार मिळतात. कागद कोणाच्या स्वाधीन करायचे, हा निर्णय सवडीने घेता येईल. तूर्त कागदांचा क्रम हलवू नये, विषयवार लावू नये, दोन घराण्यांचे एकत्र करू नयेत. रुमालाचे फडके विरले असेल तर नवे बांधावे. मात्र जुन्या फडक्यावर टाचलेली चिठ्ठी आत ठेवावी, कारण तो रुमाल कोणत्या खात्याचा हे बहुधा तेवढ्या एका ओळीतच लिहिलेले असते.