तहानेवरचा अविश्वास

मागच्या मार्चमध्ये आमच्या शहरात झालेल्या अर्धमॅरेथॉनमध्ये आम्ही धावलो. पत्रिकेत आरंभाची वेळ सहा होती. व्यासपीठावरची भाषणे आटोपून शिट्टी वाजली तेव्हा साडेसात होत आले होते. सतराव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर रिकाम्या पेल्यांखेरीज काही उरले नव्हते. शेजारच्या रसवंतीवाल्याने माठातले पाणी पुढे केले, ते आम्ही पीत असताना बाजूने जाणारे एक निवृत्त क्रीडाशिक्षक ‘धावताना पाणी पिऊ नये’ असे बजावून पुढे निघून गेले. हा उपदेश आम्ही शाळेच्या मैदानावरही ऐकला होता. पुढे शर्यतींचा इतिहास चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की तो एकट्यादुकट्या मास्तरांचा नव्हे. त्यामागे चांगली आंतरराष्ट्रीय परंपरा आहे.

३० ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे ऑलिम्पिकची मॅरेथॉन झाली, ती ऐन दुपारी, सुमारे ३२ अंश तापमानात, मोटारींनी उडवलेल्या धुळीच्या रस्त्यांवरून. साऱ्या मार्गात पाण्याची सोय एखाददुसऱ्या ठिकाणीच होती. ही निव्वळ गैरव्यवस्थाही नव्हती. तहानलेल्या शरीराचे काय होते हे मुख्य आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाहायचे होते, असे सांगितले जाते. ३२ जण धावू लागले, १४ पोहोचले. विजेता थॉमस हिक्स याने वाटेत पाणी मागितले, तर त्याच्या मदतनिसांनी ते नाकारून ओल्या स्पंजने त्याचे तोंड पुसले. त्याऐवजी त्याला दिले काय, तर अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन, म्हणजे काजऱ्याच्या बियांतले विष. भ्रमिष्टासारखा, दोघांच्या आधाराने तो ३ तास २८ मिनिटांनी पोहोचला. ऑलिम्पिकच्या पुरुष विजेत्यांत इतका वेळ दुसऱ्या कोणालाही लागलेला नाही. पण जिंकला तो जिंकलाच, आणि जिंकणाऱ्याच्या अंगावर झालेले उपचार शहाणपणाचे ठरतात. त्याच्या सोबत असलेल्या चार्ल्स लुकास यांनी नंतर पुस्तकात त्या औषधांची वाखाणणीच केली.

आठ वर्षांनी, १४ जुलै १९१२ रोजी, स्टॉकहोमला पुन्हा तसेच ऊन होते. उत्तर युरोपात त्याची अपेक्षा कोणी केली नसावी. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, व्यवसायाने सुतार, वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारला. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला चरबी किंवा मेण चोपडले होते, असे त्याच्याविषयी लिहिले गेले आहे. घामाच्या वाटाच त्यामुळे बुजल्या. जपानचा कानाकुरी शिझो तहानेने व्याकूळ होऊन एका कुटुंबाच्या बागेत शिरला, तिथे पेय घेऊन विसावला आणि शर्यतीत परतलाच नाही. आणि खुद्द निकालही पाण्यानेच ठरला. आघाडीवर दक्षिण आफ्रिकेचे दोघे होते, मॅकआर्थर आणि गिट्सहॅम. गिट्सहॅम पाणी प्यायला थांबला. सोबती आपल्यासाठी थांबेल असा त्याचा समज होता, असे म्हणतात. मॅकआर्थर थांबला नाही. त्याने सुवर्णपदक घेतले, गिट्सहॅम जेमतेम मिनिटभराने मागून आला. सेंट लुईसला पाणी नाकारून एकजण जिंकला होता, स्टॉकहोमला पाणी पिऊन एकजण हरला. परंपरेला याहून भक्कम आधार तो कोणता हवा?

आपल्याकडे पाणपोई ही जुनी संस्था. चैत्रात वाटेवर रांजण ठेवणारा आणि अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देणारा समाज तहानेला दुबळेपणा मानत नव्हता. शर्यतींच्या नियमावलीत मात्र पाणपोई फार संकोचाने आली. १९५० च्या दशकातसुद्धा मॅरेथॉनमध्ये सुमारे १५ किलोमीटर पार होईपर्यंत धावकाला पेय देण्याची मुभा नव्हती.

पुढे वारे फिरले. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंसाठी क्षार-साखरेचे पेय तयार केले, त्यातून एक मोठा बाजार उभा राहिला, आणि उपदेश उलटा झाला: तहान लागायच्या आधीच प्या. तहान लागल्यावर विहीर खणू नये ही आपली म्हण इथे चपखल बसल्यासारखी वाटेल. पण नीट पाहिले तर जुन्या आणि नव्या उपदेशात फरक थोडा आहे. तहान लागली तरी पिऊ नका, किंवा लागली नसली तरी प्या. दोन्हींचा अविश्वास तहानेवरच. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने घामावाटे गेलेले सारे पाणी, अथवा सोसेल तितके, भरून काढण्याचा सल्ला दिला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुणी अतिरिक्त द्रव घेऊन रक्तातले सोडियम घटल्याने दगावली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १३ टक्क्यांचे सोडियम प्रमाणाखाली होते. त्यानंतर तहान लागेल तसे पाणी प्यावे, हे म्हणणे पुन्हा शास्त्रीय ठरू लागले. रसवंतीवाल्याला ते आधीपासून ठाऊक होते.

तरीही पाणी मिळाले की ऊन हरले, असे नाही. धावताना खर्ची पडणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग नुसती उष्णता होतो, आणि ती वेगानुसार वाढते. अर्धमॅरेथॉनचा धावक पूर्ण मॅरेथॉनच्या धावकापेक्षा वेगात असतो, म्हणून अर्धे अंतर म्हणजे अर्धे संकट हा हिशेब फसवा आहे. मार्च २०१३ मध्ये तेल अवीव येथे उष्णतेच्या लाटेमुळे मॅरेथॉन पुढे ढकलली गेली. अर्धमॅरेथॉन मात्र वेळ अलीकडे आणून घेतली, आणि तीत एक तरुण धावक गेला. त्या शहरातल्या शर्यतींच्या अनेक वर्षांच्या नोंदी पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. सुमारे १ लाख ३७ हजार धावकांमागे हृदयाच्या गंभीर घटना २ आणि उष्माघात २१.

शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे त्याच उन्हात राबावे लागते. ही सवय ज्यांना जन्माचीच होती अशा शेतकऱ्यांची मुले १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावली. ते पाहूनच दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदी संघ धाडण्याचे मनावर घेतले. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. दैव असे, की त्या दिवशी अँटवर्पला गारठा होता आणि पाऊस.

आमच्या शर्यतीची यंदाची पत्रिका परवा हाती आली. आरंभ पहाटे साडेपाच, दर दोन किलोमीटरला पाणी. भाषणांचा उल्लेख नाही. पण तो मागच्या वर्षीही नव्हता.