रंगीन महालाचे खांब आणि करवतीचे दात

बिदरचे नाव निघाले की आम्हा गोमंतकीयांना महमूद गावान आठवायला हवा. १४७२ साली याच बहामनी वजिराने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला, आणि त्याच सुमारास त्याचा बिदरमधला मदरसाही उभा राहिला. पण आज लिहायचे आहे ते गावानविषयी नव्हे, एका हत्याराविषयी. करवतीविषयी!

बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. अली बरीदशहाच्या काळात (१५४२ ते १५८०) त्याला आजचे रूप आले. काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे काम बघायला लोक जातात. मी मात्र तिथल्या कोरीव लाकडी खांबांपुढेच जास्त वेळ रेंगाळलो. नक्षी पटाशीची, हे खरे. पण नक्षीच्या आधी ओंडका चौरस करावा लागतो, आणि ते काम करवतीचे. राजाचे नाव इतिहासात आहे, करवत मात्र कुठेच नाही. झिजलेल्या करवतीची सुरी होते, सुरी झिजली की भंगार. लोखंडाचे असेच असते.

आपली जुनी करवत ओढताना कापते, युरोपची ढकलताना. फरक लहान वाटतो, पण ओढताना पाते ताणले जाते, म्हणून ते पातळ असले तरी वाकत नाही. मोठा ओंडका उंचावर ठेवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राही. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे किंचित वाकवलेला असे, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते अडकत नाही. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा! त्याच्याबद्दल कोणी चार ओळी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

या करवतीची साखळी झाली ती लाकडासाठी नव्हे, हाडासाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरोचे जॉन एटकेन आणि ग्लासगोचे जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतपणात हाड कापण्यासाठी दातांची बारीक साखळी वापरात आणली. १८३० मध्ये जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने ती साखळी एका पट्टीभोवती फिरवली. लाकडाकडे ती वळली विसाव्या शतकात. आंद्रेआस स्टिल याचे विजेचे यंत्र १९२६ चे, पेट्रोलचे १९२९ चे.

तिकडे ही जुनी यंत्रे जमवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. यंत्र मिळवणे त्यातल्या त्यात सोपे, त्याला बार (म्हणजे ती लांब पट्टी) आणि चेन जुळवणे कठीण. चेनच्या लागोपाठच्या तीन रिवेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करायचे, तो झाला पिच. तो यंत्राच्या दातेरी चाकाशी जुळला पाहिजे. चेनच्या खालच्या कड्यांची जाडी बारच्या खोबणीएवढी हवी. मग त्या कड्यांची संख्या मोजायची. शिवाय बारची खाच यंत्राच्या बोल्टांवर बसली पाहिजे आणि तेलाचे भोक समोरासमोर आले पाहिजे. जुन्या यंत्रांची अर्ध्या इंचाची चेन सहज मिळत नाही, म्हणून कित्येकजण चाकच बदलून तीन अष्टमांश इंचाची चेन लावतात.

इथे एक पेच आहे. पूर्वीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे सरळ असत, त्यांना धार लावणे जिकिरीचे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जो कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याने डावीउजवीकडे लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्याने वाकडा दात घडवला आणि १९४७ मध्ये घराच्या तळघरात चेन बनवू लागला. आजही चेन बहुतांशी त्याच वळणाची असते. तेव्हा १९४० च्या यंत्राला नवी चेन लावली तर ते उत्तम चालते, पण ते १९४० चे उरते का? माझे मत विचाराल तर, चालवायला नवी चेन लावावी आणि जुनी चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावी. आम्ही कारकून मंडळी फायलीतला जुना कागद फेकत नाही, नव्याच्या खाली ठेवतो. असो.

आमच्या गोव्यात हे भान व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी दाखवले. मोडल्या जाणाऱ्या जुन्या घरांतून नांगर, घाणे, हत्यारे गोळा करून त्यांनी बाणावलीला 'गोवा चित्र' उभे केले. ते २००९ साली खुले झाले. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूला मराठी घरे आजही आहेत. पूर्वी तिथे बाभळीच्या लाकडाच्या बैलगाड्या घडत, आता दारात ट्रॅक्टर. त्या सुताराच्या करवती कोणाच्या माळ्यावर असतील?

तुमच्यापैकी कोणाची सोयरीक तिकडची असेल तर एवढे करा. करवत विकत घेऊ नका, आधी फोटो काढा. पात्याची लांबी आणि एका इंचात दात किती ते लिहून घ्या, दातांचा कल मुठीकडे आहे की टोकाकडे ते बघा. आणि ती कोणी वापरली, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.