एकट्याने केलेलं गणित

‘प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली, आता अभ्यास करणं त्यांचं काम.’ वंचित विद्यार्थ्यांविषयीच्या चर्चेत हे वाक्य कानी आलं, की मला बर्कली आठवतं.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गणित विभागात यूरी ट्रिझमन हा तरुण संशोधक काम करत होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. का, असं विचारल्यावर प्राध्यापकांनी चार कारणं दिली: जिद्द नाही, पाया कच्चा, घरचं पाठबळ नाही, गरिबी. ट्रिझमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि दीडेक वर्ष ते अभ्यास कसा करतात, ते पाहिलं. चारही कारणं टिकली नाहीत. ही मुलं आपापल्या शाळेतली हुशार मुलं होती. त्यांच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी खस्ता खाल्ल्या होत्या.

फरक होता सवयीत. कृष्णवर्णीय मुलं सांगितल्याप्रमाणे आठवड्याला सहा ते आठ तास अभ्यास करत, पण एकट्याने. मन लावून एकट्याने बसणं, यावरच ती शाळेत पुढे आली होती. चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी बसत, मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांच्या वह्या तपासत, जुने पेपर सोडवत. एखादं गणित अडलं, तर आपण कमी पडलो की ते सगळ्यांनाच अडलंय, हे त्यांना तिथल्या तिथे कळे. एकट्या मुलाला ते परीक्षेनंतर कळे.

मग ट्रिझमनने कार्यशाळा सुरू केली. मला महत्त्वाचा वाटतो तो तिचा पवित्रा. ‘कच्च्या मुलांची शिकवणी’ असलं नाव तिला नव्हतं. तसल्या वर्गांकडे ही मुलं फिरकतच नसत. इथे निमंत्रण होतं अवघड गणितं गटाने सोडवण्याचं. कार्यशाळेतल्या मुलांचे गुण लक्षणीय सुधारले आणि हा प्रयोग अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांतही गेला.

आज याला वर्तनविज्ञान म्हणतात. पण त्यात एक धोका आहे: सवय बदला म्हणजे झालं, असं म्हणून संस्था मोकळी होऊ शकते. एकटेपणा नेहमी सवयीचाच असतो असं नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. समितीच्या २००७ च्या अहवालात दिसतं, की दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहात सामाजिक दबावामुळे वेगळे पडले होते. तिथे ‘गटात बसा’ हा सल्ला कुणाला द्यायचा? बसू न देणाऱ्यांनाच ना?

ट्रिझमनचं मोठेपण मला इथे दिसतं. ‘या मुलांत काय कमी आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवून तो मुलांच्या खोल्यांपर्यंत गेला, तिथे काय चालतं ते त्याने पाहिलं, आणि बदल मुलांकडे मागण्याआधी विद्यापीठाच्या रीतीत केला. आपल्याकडे ‘रेमेडियल’ वर्गाची सूचना फलकावर लावताना निदान नावाचा तरी विचार व्हावा.