विहीर आटली, पोहणं सुटलं

सुट्टी लागली की लातूर-नांदेडहून गाड्या भरून पोरं मालवणला निघतात. तारकर्लीत स्कुबा, प्रवाळ, मासे आणि लगेच स्टेटसला व्हिडिओ. हौस करावीच. पण थोडा इतिहासही बघा.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास पुरवणारं यंत्र बनवलं. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, त्याच दाबाची हवा ते यंत्र देतं. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र अभयारण्य झाला. पुढे एमटीडीसीने तारकर्लीत स्कुबाचं प्रशिक्षण केंद्र काढलं.

व्हिडिओपुरत्या बुडीला पोहता आलं नाही तरी चालतं, प्रशिक्षक धरून नेतो. रीतसर कोर्सला मात्र २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. बरोबरच आहे. पाण्यात अंग सावरता येत नसेल तर लाथ प्रवाळाला बसते, आणि प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी.

आपल्या बाप-आज्यांनी ही परीक्षा गावच्या विहिरीत दिली. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा, अन् काठावरून ढकलून द्यायला काका. मग बोअर आले, विहिरी आटल्या, काही कचऱ्याने बुजल्या. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या काळात वाढलेली कितीतरी पोरं पोहायला शिकलीच नाहीत. आज शेततळ्यात, गोदावरीत पोरं बुडाल्याच्या बातम्या आम्ही दर उन्हाळ्यात लिहितो.

मालवण वर्षातून एकदा. शेततळं रोज दारात. म्हणून तालुक्याला एक तरी पोहण्याचा तलाव आणि शिकवणारा माणूस हवा. पुढाऱ्यांना मत मागताना एवढं विचाराच.