समिट, पॅट

(१४ जून १९५२ – २८ जून २०१६). महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल संघाच्या ख्यातनाम अमेरिकन मुख्य प्रशिक्षिका. संपूर्ण नाव पॅट्रिशिया सू हेड समिट. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील महिला संघाची धुरा त्यांनी १९७४ ते २०१२ असे सलग ३८ हंगाम वाहिली. या काळात त्यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले व २०८ गमावले. विजयांपेक्षा पराभव अधिक झाले, असा एकही हंगाम त्यांच्या कारकीर्दीत आला नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या महाविद्यालयीन खेळाला या चार दशकांत जी प्रतिष्ठा लाभली, तिचा इतिहास समिट यांच्या कारकीर्दीशी निगडित आहे.

भारतातील महाविद्यालयांत सर्व खेळांची व्यवस्था सामान्यतः एकाच शारीरिक शिक्षण संचालकाकडे असते. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत मात्र प्रत्येक खेळाच्या संघासाठी स्वतंत्र मुख्य प्रशिक्षक नेमण्याची प्रथा आहे. शालेय खेळाडूंमधून गुणी खेळाडू हेरणे, त्यांना शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठात आणणे, सराव घेणे, सामन्यातील डावपेच ठरविणे आणि खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवणे ही सर्व जबाबदारी त्याच्यावर असते. पुरुषांच्या संघांपुरते हे पद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रतिष्ठेचे झाले होते. स्त्रियांच्या संघांना ती प्रतिष्ठा पुष्कळ उशिरा मिळाली.

पार्श्वभूमी : जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. त्यानंतर लवकरच जवळच्याच नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेज या स्त्रियांच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो विद्यार्थिनींना शिकविला. मार्च १८९३ मध्ये तेथे झालेल्या सामन्यास पुरुषांना प्रवेश नव्हता. अतिश्रम व धसमुसळेपणा स्त्रियांना मानवणार नाही, या तत्कालीन समजुतीनुसार बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, खेळाडूंना आपापल्या भागातच खेळण्याचे बंधन घातले आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावण्यास मनाई केली. या नियमांमुळे स्त्रियांना खेळाचे दालन खुले झाले. तथापि त्यांच्या खेळाला मर्यादाही पडल्या. पुढे त्यांतूनच सहा खेळाडूंचा खेळ रूढ झाला. त्यात तीन खेळाडू केवळ आक्रमण व तीन केवळ बचाव करीत आणि मध्यरेषा ओलांडण्याची कोणासही मुभा नसे. टेनेसी राज्यातील शाळांत हा प्रकार १९७० नंतरही अनेक वर्षे चालू होता.

पूर्वायुष्य : पॅट यांचा जन्म क्लार्क्सव्हिल (टेनेसी) येथे एका कष्टाळू शेतकरी कुटुंबात झाला. तीन थोरले भाऊ व एक धाकटी बहीण अशी ही भावंडे. शेतातील व गोठ्यातील कामे मुलामुलींना सारखीच करावी लागत. ती आटोपल्यावर गवताच्या माळ्यावर भावांसमवेत बास्केटबॉलचा खेळ रंगे. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नसल्याने, मुलीला खेळता यावे म्हणून वडिलांनी कुटुंबाचे बिऱ्हाड शेजारच्या परगण्यातील हेन्रिएटा या गावी हलविले. पुढे टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन येथील शाखेत त्यांनी शिक्षण घेतले. भावांना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. स्त्रियांसाठी मात्र तशी सोयच नव्हती. त्यामुळे पॅट यांच्या शिक्षणाचा खर्च आईवडिलांना करावा लागला.

मुख्य प्रशिक्षिका : १९७४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या नॉक्सव्हिलला आल्या. महिला संघाच्या प्रशिक्षिका रजेवर गेल्यामुळे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. संघातील काही खेळाडू जवळजवळ त्यांच्याच वयाच्या होत्या. दरमहा २५० डॉलर मानधनावर सराव घेण्याबरोबरच खेळाडूंचे कपडे धुणे व परगावच्या सामन्यांसाठी गाडी चालविणे ही कामेही त्यांना करावी लागत. डिसेंबर १९७४ मधील पहिल्या सामन्यात मर्सर विद्यापीठाकडून त्यांच्या संघाचा एका गुणाने (८३–८४) पराभव झाला. त्या वेळी प्रेक्षक सु. ५० होते. याच सुमारास गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरून त्यांनी स्वतःचा खेळही चालू ठेवला. माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये (१९७६) महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. तेथे रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघाच्या त्या सहकर्णधार होत्या. लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये (१९८४) त्या अमेरिकन संघाच्या मुख्य प्रशिक्षिका होत्या. सोव्हिएट रशियाने बहिष्कार टाकलेल्या या स्पर्धेत अमेरिकेने दक्षिण कोरियाचा ८५–५५ असा पराभव करून सुवर्णपदक पटकाविले.

शासकीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत जून १९७२ मध्ये संमत झाला. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. त्यामुळे विद्यार्थिनींना क्रीडा-शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९८२ पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. कायद्याने संधी दिली, तरी ती मैदानावर सार्थ करून दाखविण्याचे काम प्रशिक्षकांचे होते. सहा खेळाडूंच्या खेळात मुलींना पूर्ण मैदानावर खेळण्याचा सराव मिळत नाही, म्हणून समिट यांनी त्या पद्धतीस उघड विरोध केला. १९८० च्या सुमारास टेनेसीतील शाळांनीही पाच खेळाडूंचा खेळ स्वीकारला.

प्रशिक्षणपद्धती : कडक बचाव आणि फळ्यावरून परतणारा चेंडू हस्तगत करण्याची तत्परता यांवर समिट यांचा विशेष भर असे. सरावात महिला संघास विद्यार्थी खेळाडूंविरुद्ध खेळविले जाई. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावे व विनाकारण तास चुकवू नये, असा त्यांचा दंडक होता. पात्रतेची सर्व वर्षे त्यांच्या संघात पूर्ण केलेली प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली.

पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी त्यांना तेरा हंगाम वाट पाहावी लागली. तत्पूर्वी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचूनही त्यांचा संघ एकाहून अधिक वेळा हरला होता. १९८७ मध्ये हे यश लाभले व त्यानंतर १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८ अशी एकूण आठ अजिंक्यपदे त्यांनी मिळविली. १९९७-९८ च्या हंगामात संघाने सर्व ३९ सामने जिंकले. शमीक होल्ड्सक्लॉ, टमीका कॅचिंग्ज, कँडेस पार्कर या नामवंत खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. डिसेंबर १९८७ मध्ये टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यास २४,५६३ प्रेक्षक उपस्थित होते. मार्च २००५ मध्ये ८८० वा विजय मिळवून त्यांनी पुरुष संघांचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा उच्चांक मागे टाकला. पुरुष संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारण्याची सूचना त्यांनी नाकारली. ती बढती होय, हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते. २००६ च्या करारानुसार त्यांचे वार्षिक वेतन दहा लक्ष डॉलरहून अधिक झाले. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकास एवढे वेतन मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

या प्रगतीची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. वेतन व प्रतिष्ठा वाढताच पुरुष या पदांकडे वळले आणि पुढील काळात स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. म्हणजे खेळाडूंना न्याय देणाऱ्या कायद्याने त्यांच्या शिक्षिकांची जागा मात्र सुरक्षित राहिली नाही. या दृष्टीने, समिट यांच्या अनेक शिष्या प्रशिक्षणाच्या व्यवसायात आल्या ही गोष्ट त्यांच्या अजिंक्यपदांइतकीच महत्त्वाची आहे. होली वॉर्लिक आणि केली हार्पर या त्यांच्या दोन्ही माजी खेळाडूंनी पुढे टेनेसीच्या संघाचेच मुख्य प्रशिक्षकपद भूषविले.

अखेरचा काळ : आपणास अकाली उद्भवलेला अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश जडल्याचे समिट यांनी ऑगस्ट २०११ मध्ये जाहीर केले. तो लपविण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. सहकाऱ्यांच्या साहाय्याने आणखी एक हंगाम पूर्ण करून एप्रिल २०१२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. या व्याधीवरील संशोधनासाठी त्यांच्या नावे प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. नायस्मिथ बास्केटबॉल कीर्तिमंदिरात त्यांचा २००० मध्ये समावेश झाला होता. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला. नॉक्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा विजयांचा उच्चांक पुढे मोडला गेला : महिला संघांच्या प्रशिक्षकांत डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हीर यांनी तो ओलांडला. परंतु समिट यांच्या कार्याचे मोल केवळ विजयांच्या संख्येत नाही. स्त्रियांच्या खेळाला सवलतीची नव्हे, तर पुरुषांच्या खेळाइतक्याच कठोर सरावाची, पूर्ण मैदानाची व समान मोबदल्याची आवश्यकता आहे, हे त्यांनी ३८ वर्षांच्या अखंड परिश्रमाने सिद्ध केले.