पाण्यावरच्या माशीचे पंचांग

कोकणातील गरी टाकणारा मनुष्य भरतीओहोटीची वेळ साधून गळाला कोळंबी लावतो, नाहीतर गांडूळ. आमिष खरेखुरे असते. इंग्लंडातील ट्राउट माशाची शिकार मात्र निराळ्या न्यायाने चालते. तेथे गळाला खाण्याजोगे काहीच नसते. पिसे, लोकर व रेशमी धागा यांनी बांधलेला माशीचा केवळ भास असतो.

ही युक्ती इंग्रजांची नव्हे. इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीचे वर्णन केले आहे. तेथील मासे पाण्यावर तरंगणारी एक माशी गट्ट करीत. परंतु ती हातात धरली की तिचा रंग उडे आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. तेव्हा लोकांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली व कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे तिला जोडली. सहा फुटांची काठी, तेवढीच दोरी, आणि काम फत्ते!

इंग्लंडात या विषयावरील पहिला छापील ग्रंथ 1496 साली वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड याने काढला. तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठाधिकारिणीने लिहिला, असे पुष्कळ काळ सांगितले जाई. त्यास भक्कम पुरावा नाही. त्यात बारा माश्या दिल्या आहेत, आणि त्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत महिन्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. पंचांगाची कल्पना येथूनच आली. पुढे आयझाक वॉल्टनच्या 1653 मधील प्रसिद्ध ग्रंथाला 1676 मध्ये त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने दुसरा भाग जोडला व डव्ह नदीवरील अनुभवावरून माश्यांची अशीच मासवार यादी दिली.

असे पंचांग का लागते? ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी नदीतळाच्या बारीक खडीत अंडी घालतो, म्हणून बहुतेक नद्यांवर त्या काळात शिकार बंद असते. वसंतात पाणी उबदार होऊ लागते, तसे पाण्यात वाढलेले कीटक वर येऊन पंख उघडतात. प्रत्येक जातीची वेळ ठरलेली असते. एप्रिलची माशी वेगळी, उन्हाळ्यातील सायंकाळची वेगळी. मेअखेरीस ‘मे-फ्लाय’ येते. ही मोठी माशी वर्ष-दोन वर्षे तळाच्या गाळात काढते आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगते. तिला खाण्यासाठी तोंडच उरलेले नसते! पंख फुटल्यानंतर ती आणखी एकदा कात टाकते. कीटकसृष्टीत हे इतर कोणी करीत नाही. त्या पंधरवड्यात मासे इतके बेभान होतात की अनाड्यालाही यश येते.

या माश्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास आल्फ्रेड रोनाल्ड्सने केला. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीकाठी झोपडी उभारून तो ट्राउटच्या हालचाली न्याहाळीत बसे. माशाला हवेतील आवाज ऐकू येतो की नाही हे पाहण्यासाठी त्याने बंदुकीचे बारही काढविले. मासे जागचे हलले नाहीत. त्याचा सचित्र ग्रंथ 1836 साली निघाला.

खरा वाद पेटला तो हॅम्पशायरमध्ये. तेथील टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकांत मुरलेल्या पावसाच्या पाण्यावर वाहतात. पाणी स्फटिकासारखे, बारा महिने जवळजवळ सारख्या तपमानाचे. मासा माणसाला दिसतो आणि माणूस माशाला. येथे फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 व 1889 च्या ग्रंथांतून ‘कोरड्या’ माशीचा पंथ स्थापिला. मासा वर येऊन माशी टिपताना दिसला, तरच त्याच्या पुढ्यात तरंगती माशी टाकावी. एरवी स्वस्थ बसावे. मूळ पद्धत सुरेख होती. अनुयायांनी तिचे सोवळे केले.

याच सुमारास साहेबाने हा मासा हिंदुस्थानातही आणला. काश्मीरसाठी 1899 साली पाठविलेली अंडी वाटेतच नासली. 1900 साली स्कॉटलंडहून आलेली तगली. सह्याद्रीच्या नद्यांचे उष्ण पाणी मात्र या माशाला मानवणारे नव्हे.

हॅलफर्डच्या सोवळ्याला धक्का दिला जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने. पकडलेल्या माशाच्या पोटातील अन्न तो चमच्याने काढून पाण्यात पसरून पाही. त्यात पंख फुटलेल्या माश्या थोड्या आणि पाण्याखालची त्यांची बाल्यावस्था, म्हणजे निंफ, पुष्कळ. मग बुडते निंफ का वापरू नये? 1910 च्या आपल्या ग्रंथात त्याने हा प्रश्न सौम्यपणे, परंतु वकिलाच्या चिकाटीने मांडला. विरोधकांना तो अधर्म वाटला. फेब्रुवारी 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा झाली. हॅलफर्ड 1914 मध्येच वारला होता. त्याची बाजू लढविणारे मात्र पुष्कळ होते. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. इचेनवरील ॲबट्स बार्टनचे पाणी, जेथे तो 1883 पासून गळ टाकीत होता, ते त्याने त्याच वर्षी सोडले.

त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, 1958 साली, एव्हन नदीवरील राखणदार फ्रँक सॉयर याने निंफवर पुस्तक लिहिले. फेझंट पक्ष्याच्या शेपटीतील पीस तांब्याच्या बारीक तारेने बांधून केलेले त्याचे निंफ आज जगभर वापरले जाते. टेस्टच्या काही पट्ट्यांवर मात्र जुलै उजाडेपर्यंत निंफला अजूनही मज्जाव आहे.