करडईचे काळे तेल आणि मोटारीची बैठक

सोलापूरहून हैदराबादेस जाणारा मार्ग ज्या काळ्या जमिनीच्या मुलखातून जातो, त्यात तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाच्या शेजारी अणदूर हे गाव वसलेले आहे; आणि खंडोबाची मूर्ती वर्षातील सव्वादहा महिने येथे व पावणेदोन महिने नळदुर्गास नांदते, या दोन गावांमधील जुन्या परिपाठामुळे त्याची ख्याती दूरवर गेली आहे. देवदर्शनास मोटारीने येणाऱ्या कुटुंबांत आज चामडी बैठकींविषयी पुष्कळ संभ्रम आढळतो: त्या कशाने पुसाव्यात, त्यांना तेल लावावे की नाही, चैत्र-वैशाखाच्या उन्हाने त्या तडकू नयेत म्हणून काय करावे. चामड्याची निगा कशी राखावयाची हे ते कोणत्या रीतीने कमावले आहे यावर अवलंबून असते, आणि कमावणारा, शिवणारा व वापरणारा हे तिघे एकाच शिवारात राहत होते तोपर्यंत हे कोणास निराळे शिकवावे लागत नव्हते.

त्या काळी या प्रदेशात चामड्याची सर्वांत मोठी व सर्वांत कष्टाची वस्तू म्हणजे विहिरीवरची मोट. बैलाच्या किंवा म्हशीच्या कातड्याची ती विशाल पिशवी, तिच्या तोंडाशी लोखंडी कडे, तळाशी निमुळती सोंड, वर चाकावरून जाणारा जाड नाडा आणि खाली सोंडेस बांधलेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उतरू लागले की ती पाणी घेऊन वर यावयाची आणि सोंड मोकळी होताच थारोळ्यात रिकामी व्हावयाची. दिवसभर भिजणे, उन्हात वाळणे आणि विहिरीच्या दगडांस घासणे, असा त्रिविध छळ सोसणाऱ्या या कातड्याची शिवण उसवली तर बागाइताचे पाणी तुटे आणि उभे पीक वाळे. म्हणून मोटेची दुरुस्ती हे बलुत्यातील कर्तव्य होते, आणि तिच्या बदल्यात खळ्यावर धान्य मोजून मिळे.

मोटेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात मुरवलेले असे. चुन्याने केस सुटे करावयाचे, मग कातड्याची पिशवी शिवून तीत साल आणि काढा भरून ती टांगून ठेवावयाची, झिरपलेला काढा पुन्हा वरून ओतावयाचा, ही ढोर समाजाची विद्या होती. अशा कातड्याची छिद्रे मोकळी असतात. ते पाणी पिते तसेच तेलही पिते. साध्या घाण्याच्या तेलाने त्यास मऊपणा येतो, परंतु पाण्यात ते तेल फार काळ टिकत नाही. येथे मराठवाड्याच्या करडईने एक अपूर्व उपाय पुरविला. जॉर्ज वॉट यांनी हिंदुस्थानच्या व्यापारी उत्पन्नांवरील आपल्या 1908 च्या ग्रंथात करडईच्या तेलाचे प्रकार सांगताना या उपायाची नोंद केलेली आहे. एक मडके जमिनीत पुरावयाचे, बियांनी भरलेले दुसरे मडके त्यावर उपडे ठेवावयाचे आणि वरून गोवऱ्यांचा जाळ करावयाचा. बी जळत जाई आणि खालच्या मडक्यात काळे, चिकट, खाण्यास सर्वथा निरुपयोगी असे तेल ठिबके. हेच तेल मोटेच्या कातड्यास व नाड्यास चोळीत. करडईचे तेल मुळातच हवेत सुकून कठीण होणाऱ्या तेलांपैकी आहे. तीव्र उष्णतेने त्याचे कण परस्परांस जोडले जातात आणि कातड्यावर पाण्यास दाद न देणारा थर बसतो. आत मऊपणा देणारे एक तेल आणि बाहेर कवच होणारे दुसरे, हा भेद निरक्षर मोटकऱ्यासही ठाऊक होता.

ही विद्या ज्यांच्या हातात होती त्यांस गावाने वेशीबाहेर ठेवले, हे मात्र लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. याच मार्गाने पूर्वेस गेले की आडवाटेस बसवकल्याण लागते. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या शरणांमध्ये कातडे कमावणारे कक्कय्या आणि पादत्राणे करणारे हरळय्या मानाने बसले. परंतु हरळय्यांच्या पुत्राचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या कन्येशी झाल्यावर दोघा व्याह्यांस राजाज्ञेने प्राणदंड भोगावा लागला. ढोर समाज आजही स्वतःस अभिमानाने कक्कय्या म्हणवितो, आणि तो अभिमान सर्वथा न्याय्य आहे.

घोड्याच्या सामानाची रीत निराळी होती. मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिन्जंटच्या रिसाल्याची छावणी होती. शिलेदारी पद्धतीत घोडा व सामान स्वारानेच आणावयाचे असल्याने जीन, तंग आणि लगाम यांची हयगय म्हणजे स्वतःच्या खिशास तोशीस. घामातील क्षार हा त्या चामड्याचा मुख्य शत्रू. म्हणून ते आधी ओल्या फडक्याने पुसावयाचे, सावलीत वाळवावयाचे आणि मगच तेल द्यावयाचे. मळावर तेल चोळले तर मळच आत मुरतो.

निजामाच्या राज्यात मोटार आली ती प्रथम दरबाराच्या दिमाखाने, आणि 1932 साली संस्थानच्या रेल्वे खात्याने 27 गाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली तेव्हा ती रयतेपर्यंत पोहोचली. प्रारंभीच्या श्रीमंती गाड्यांत पुष्कळदा मालकाच्या बंदिस्त भागात उंची कापड आणि पाऊसवारा सोसणाऱ्या चालकाच्या बैठकीस चामडे असे. आजची प्रतिष्ठा तेव्हा चामड्यास नव्हती, त्याचा चिवटपणाच हवा होता. दरम्यान कमावण्याची रीतच पालटली. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमक्षारांच्या पद्धतीचे एकस्व घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती मद्रासेत रुजविली. साल व हिरड्यास जेथे कित्येक आठवडे लागत, तेथे काम काही दिवसांवर आले. पुढे अशा चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर देण्याची प्रथा पडली. आजच्या मोटारींतील बहुतेक चामडी बैठकी याच जातीच्या आहेत.

म्हणजे मोटेवर काळ्या तेलाने जे कवच शेतकरी वर्षानुवर्षे चढवीत असे, ते आता कारखान्यातूनच चढून येते. त्यावर खोबरेल किंवा करडईचे तेल चोळणे व्यर्थ आहे. ते आत शिरत नाही, वर चिकटून काळ्या मातीची धूळ धरते, आणि ती धूळ प्रत्येक उठण्याबसण्यास थर घासते. बैठक कोणत्या जातीची आहे हे पाहावयाचे असेल तर आडबाजूस पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो तसाच गोल राहिला तर थर आहे. शिवणीतील धूळ मऊ ब्रशाने काढून, सौम्य फेसाचे घट्ट पिळलेले फडके फिरवून, लगेच कोरड्याने पुसावे, आणि गाडी सावलीत उभी करावी. थेंब मुरून डाग उमटला तर चामडे उघडे आहे, आणि त्यास थोडे पोषण अवश्य द्यावे, पण ते त्याच जातीसाठी केलेल्या मलमाचे. कपड्यांचा साबण व सोडा दोहोंसही घातक, कारण क्रोमचे चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि क्षाराने ते कोरडे पडते.

विजेचे पंप आल्यावर मोट गेली, आणि तिच्यासाठी करडई जाळण्याचे प्रयोजनही उरले नाही. साल-हिरड्याने कमावलेल्या कोल्हापुरी वहाणेस 2019 साली भौगोलिक मानांकन लाभले व त्यात सोलापूर जिल्ह्याचाही अंतर्भाव झाला, ही समाधानाची गोष्ट होय. काळ्या तेलाच्या कृतीस मात्र असे कोणतेही दप्तर मिळालेले नाही. बी किती भाजावे, तेल कोणत्या टप्प्यावर उतरवावे, मोटेस ते किती दिवसांनी द्यावे, हे सारे हाताच्या सवयीत होते. अणदूर, जळकोट, येणेगूर या पट्ट्यात ते काढताना लहानपणी पाहिलेली वृद्ध माणसे असतील, तर त्यांच्याकडून ते तपशीलवार उतरवून घेण्याचे काम कोणा तरुण अभ्यासकाने आजच हाती घ्यावे.